गोळीबार चौकामागचा छज्जा

मी नागपूर सोडलं त्या सकाळी आमच्या गल्लीत ताणा पसरलेला होता. विणकरांच्या वस्तीत ज्यांचं बालपण गेलं नाही त्यांना सांगायला हवं, की लुगडं मागावर चढायच्या आधी त्याचे उभे धागे, म्हणजे ताणा, गल्लीभर लांब ताणून त्याला खळ लावावी लागते. याला पांजणी म्हणतात. दोन टोकांना खुंट, मधे आडव्या काठ्या, आणि दोन्ही बाजूंनी माणसं मोठ्या कुंच्यांनी खळ सारखी करत पुढे-मागे चालत असतात. ओला ताणा सोडून कुणी हलत नाही. मधेच वाळला की धागे एकमेकांना चिकटतात आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. त्यामुळे पांजणी चालू असताना आमच्या गल्लीत वरात आली तरी ती चौकात थांबायची. माझी रिक्षाही तशीच थांबली.

अडुसष्ट सालचा हिवाळा होता. लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते. नवरा पुढे इंग्लंडात लेस्टरला गेला होता आणि मला मुंबईची गाडी पकडून तिथून विमानात बसायचं होतं. धाकटा भाऊ मनोहर ट्रंक डोक्यावर घेऊन चौकापर्यंत पुढे गेला. मी बाबांच्या पाया पडायला वाकले, तर ते एक पाय मागे घेऊन चालतच होते, कारण कुंचा थांबवता येत नव्हता. "जाय वं बाई," ते म्हणाले, "खळ सुकून राहिली." मुलगी सातासमुद्रापार निघाली आणि बापाला खळीची काळजी. मला तेव्हा राग आला होता, अगदी नाकाच्या शेंड्यावर.

स्टेशनवर जायची बायकांची पद्धत नव्हती. माय, काकू आणि शेजारच्या दोघी-तिघी वर छज्ज्यात उभ्या होत्या. आमच्या दुमजली घराला रस्त्याच्या अंगाला सागवानाचा अरुंद छज्जा होता. खालून वाकलेल्या लाकडी घोड्यांनी तो तोलून धरलेला, आणि वरच्या कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, कडेला लाकडाचीच कोरलेली झालर, विड्याच्या पानांची एक ओळ, प्रत्येक पानाच्या मधोमध गोल भोक. सकाळी ऊन त्या भोकांतून आत यायचं आणि सुताच्या कांड्या भरत बसलेल्या मायच्या पाठीवर गोल गोल ठिपके पडायचे. रिक्षा वळेपर्यंत मी मान वळवून त्या छज्ज्याकडे बघत होते. तेवढंच चित्र बरोबर घेऊन मी परदेशी गेले.

लेस्टरमध्ये पहिली काही वर्षं मी वर बघितलंच नाही. थंडीत मान खाली घालून बसस्टॉप गाठायचा, मोज्यांच्या फॅक्टरीत शिफ्ट करायची, ओव्हरटाइम असेल तर तोही, आणि अंधारात घरी. तुमच्यापैकी ज्या माझ्यासारख्या तिकडे गेल्या त्यांना हे वेगळं सांगायला नको. विणकराची पोर शेवटी सुताशीच येऊन चिकटली म्हणून मी स्वतःशी हसायचे. फरक इतकाच, की आमच्या घरी मागाची खटखट थांबली की माणसं बोलायला लागायची आणि इथे मशीन थांबलं की सगळे कोट चढवून निघून जायचे.

वर बघायला मला माझ्या नवऱ्याने शिकवलं. वसंतराव मूळचे साताऱ्याकडचे, लेस्टरच्या कौन्सिलमध्ये ड्राफ्ट्समन. सत्तरनंतर तिकडे जुनी घरं जपायचं वारं शिरलं आणि यांच्या टेबलावर रोज तसलीच कामं यायला लागली. कुणाला दारावरची रंगीत काच काढायची आहे, कुणाला लाकडी खिडकी काढून अॅल्युमिनियमची बसवायची आहे. हे जाऊन पाहणी करायचे आणि घरी येऊन चिडचिड करायचे, की लोकांना आपल्या डोक्यावर काय आहे हेच कळत नाही. रविवारी आमची वरात निघे. शतक बदलताना बांधलेली लाल विटांची घरं, दाराशेजारी हिरव्या-तपकिरी टाईल्स, छपराच्या टोकाला मातीची फुलं. हे बोट दाखवून सांगायचे आणि मी डबलरोटीची पिशवी सांभाळत ऐकायचे.

एका रविवारी मला राहवलं नाही. म्हटलं, "यात काय मोठंसं? आमच्या नागपुरात प्रत्येक बंगल्याला अशी झालर आहे. आमच्या घरालासुद्धा आहे." हे लग्नाला नागपुरात आले होते, पण जानोशापासून मांडवापर्यंतच. मुंडावळ्यांतून माणसाला काय दिसणार? मग मी सांगत सुटले. सिव्हिल लाईन्समधले साहेबांचे बंगले, इतवारीतली व्यापाऱ्यांची घरं, आणि सगळ्यांत शेवटी आमचा छज्जा. दर वर्षी सांगताना तो छज्जा थोडा रुंद व्हायचा, त्याची पानं थोडी नाजूक व्हायची. परक्या देशात माणसाजवळ बढाई मारायला असतं तरी काय? माझ्याजवळ तो छज्जा होता. आपण कुणाच्या तरी आहोत, कुठून तरी आलो आहोत, एवढं मला त्याच्यामुळे वाटायचं.

एक्क्याऐंशीच्या डिसेंबरात जायचं ठरलं. मी घरी कळवलं, की यांना आपलं घर बघायचं आहे, खास छज्जा बघायला येताहेत, आणि जुनं नागपूरही फिरायचं आहे. वसंतरावांनी कॅमेऱ्याचे रोल घेतले. विमानात मी त्यांना तिसऱ्यांदा सांगितलं, की सकाळी फोटो घ्या, ऊन समोरून असतं.

गल्लीत रिक्षा शिरली तेव्हा मला घर ओळखू आलं नाही. गल्ली तीच, कडुनिंब तोच. आमच्या दारावर सिमेंटची गॅलरी होती. चांगली रुंद, पिस्ता रंग दिलेली, पुढे लोखंडी ग्रिल आणि ग्रिलमध्ये उगवता सूर्य, त्याच्या किरणांना चंदेरी रंग. कवेलूंच्या जागी स्लॅब. खाली बाबा नवं धोतर नेसून उभे होते, आणि त्यांचा चेहरा त्या सूर्यापेक्षा जास्त उजळलेला.

"मंग? कसं वाटलं जावईबापू?" त्यांनी विचारलं. "तुमाले छज्जा पाहाचा होता नं? पाहुणे विलायतेतून येऊन राहिले, अन् तो सडका लाकडाचा कसा दाखवाचा? दिवाळीच्या आधीच काढला. मनोहर म्हणे राहू द्या, मी म्हटलं, जावई पाहाले येणार आहे."

मी वसंतरावांकडे बघितलं. बारीकशी खिडकी बदलू द्यायलासुद्धा हा माणूस नाही म्हणायचा. त्यांनी मान वर केली, पुढे होऊन खांबावर दोनदा हात थोपटला आणि म्हणाले, "भक्कम झालंय काम." बस. बाबांनी दिवसभर गल्लीत सांगितलं, की विलायतेच्या इंजिनियरानं पास केली गॅलरी. वसंतराव इंजिनियर नाहीत हे सांगायचीही त्यांनी कुणाला संधी दिली नाही.

मी आत गेले आणि रडले. मायने विचारलं, गाडीचा त्रास झाला का, मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी मनोहरला गाठून विचारलं, की लाकूड तरी कुठे ठेवलंय, एखादं पान मला नेता येईल. मनोहर डोकं खाजवत म्हणाला, "ते तं काल तुह्याच आंघोळीचं पाणी तापवाले लावलं, ताई." लेस्टरच्या पोपटी बाथरूममध्ये वर्षानुवर्षं ज्याची आठवण काढली, त्याच्यावर तापलेल्या पाण्याने मी मजेत आंघोळ करून बसले होते. यावर हसावं की रडावं हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

पुढचे तीन दिवस मी घरात कमी आणि रस्त्यावर जास्त राहिले. रागच होता तो. वसंतरावांना म्हटलं, आमचं गेलं तर गेलं, बाकीचं नागपूर दाखवते. आणि गंमत अशी, की दाखवणारी मी आणि पहिल्यांदा बघणारीही मीच. ज्या इतवारीतून मायचं बोट धरून हजारदा गेले होते तिथे दुकानांच्या पाट्यांच्या वर काय आहे हे मला माहीतच नव्हतं. पाटीच्या वर ओतीव लोखंडाचे कठडे होते, द्राक्षांच्या वेलींचे. कुणा धान्याच्या व्यापाऱ्याने कपाळपट्टीवर चुन्याचे दोन मोर करवून घेतले होते आणि मोरांच्या मधे, राणीच्या डोक्यावरचा असावा तसा मुकुट. एका घरावर पंख असलेली गोरी बाई होती, पण कारागिराने तिला नथ घातली होती. वसंतराव तिच्यापाशी कितीतरी वेळ उभे राहिले.

लोकांना मात्र आमचा संशय. फोटो काढायला लागलो की खाली गर्दी. एक म्हातारे गृहस्थ घाबरून बाहेर आले. "कार्पोरेशनातून आले का साहेब? रस्ता रुंद करून राहिले का?" मी म्हटलं, नाही काका, नुसतं बघतोय. त्यांना ते पटलं नाही. एका बाईने आमच्या फोटोसाठी धावत जाऊन कठड्यावरचं सगळं वाळवण काढलं आणि त्याजागी नवी बेडशीट टाकली, मोरपंखी, म्हणजे वेल पूर्ण झाकली गेली. आणि कोपऱ्यावरचा पानवाला तर सरळ म्हणाला, "हे जुनंपानं काहून पाहून राहिले, ताई? सीताबर्डीवर नवीन मार्केट झालं, तिथं न्या पाहुण्याले." त्याच्याकडे मी रागाने बघितलं. मग लक्षात आलं, की मीही तिथे राहिले असते तर हेच म्हटलं असतं.

तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, मीही येतो. मी अजून फुगलेलीच होते, पण नाही कशी म्हणणार? आम्ही सिव्हिल लाईन्सला गेलो. मोठमोठी चिंचेची झाडं, आणि मागे आत ओढून घेतलेले बंगले. चारी बाजूंनी खोल व्हरांडे, उतरती कवेलूंची छपरं, वरच्या बाजूला गरम हवा जायला बारीक खिडक्या. नागपूरचा उन्हाळा ज्याने सोसला आहे त्यानेच ही घरं बांधली असावीत असं वसंतराव म्हणाले. आम्ही कुंपणाबाहेरून बघत होतो. एका बंगल्याचा चौकीदार भला होता. त्याने फाटक उघडून सांगितलं, साहब दौऱ्यावर आहेत, व्हरांड्यापर्यंत या, पुढे नको.

बाबा फाटकातच थांबले. आधी मला वाटलं संकोचाने. मग त्यांनी चष्मा काढून धोतराने पुसला, परत लावला, आणि व्हरांड्याच्या कडेला बोट केलं. छपराखाली लाकडाची झालर होती. विड्याची पानं, मधे गोल भोक.

"आपलाच नमुना होये हा," बाबा म्हणाले.

मग तिथेच, चौकीदाराने दिलेल्या बाकावर बसून, त्यांनी मला कधीच न सांगितलेली गोष्ट सांगितली. आमचे आजोबा खापा गावाहून नागपूरला आले तेव्हा या बंगल्यांची कामं चालू होती. शेजारी राहणारा सुतार इथे कामाला होता. आजोबा एकदा त्याच्याबरोबर येऊन ही झालर बघून गेले आणि हटूनच बसले, की साहेबाच्या घराला जे आहे ते माझ्या घराला पाहिजे. सुताराच्या बायकोला आजोबांनी लाल काठाचं लुगडं विणून दिलं आणि त्याच्या बदल्यात त्याने छज्जा करून दिला. "तवा आपल्या घराले समोर मातीची ओसरी होती," बाबा म्हणाले. "चांगली सारवलेली, थंडगार. माह्या बापानं ते पाडली या छज्ज्यासाठी. माही आजी दोन दिस जेवली नाही म्हणत. अन् आता तू रडून राहिली."

म्हणजे त्यांना माहीत होतं. गाडीच्या त्रासाने मी रडले नव्हते हे त्यांना पहिल्या दिवसापासून कळलं होतं.

"मी लिहिलं होतं ना बाबा," मी म्हटलं, "छज्जा बघायला येतोय म्हणून."

"म्हणून तं केलं वं," ते म्हणाले. "पाहुणा पाहाले येते म्हटल्यावर आपण काय जुनंच ठेवाचं? मले काय मालूम, तुमच्या तिकडे सडकं पाहाले लोक येतात म्हणून." एवढं बोलून त्यांनी पुन्हा एकदा त्या झालरीकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "मालूम असतं तं ठेवला असता."  वसंतराव फोटो काढायच्या निमित्ताने पलीकडे निघून गेले.

परत येताना रिक्षात बाबा माझ्या शेजारी बसले होते. खांद्याला खांदा लागत होता. त्यांचा हात मांडीवर होता आणि वर्षानुवर्षं कुंचा धरून अंगठ्याशी पडलेला घट्टा मला दिसत होता. माझा राग गेला होता, पण हळहळ गेली नव्हती. खरं सांगायचं तर ती अजूनही आहे. त्या झालरीची जळून गेलेली पानं मला हवीच होती.

शेवटच्या संध्याकाळी मी मायला शोधत वर गेले तर ती गॅलरीत बसली होती. खुर्ची टाकून, पाय लांब करून, समोर तांदळाचं सूप. खालच्या भाजीवालीशी भावावरून वाद घालत होती. ग्रिलमधल्या सूर्याच्या एका किरणाला तिने पिशवी अडकवली होती. मी खाली बसले. बोलता बोलता म्हटलं, "माय, तुला नाही वाईट वाटलं? तू तर रोज छज्ज्यात बसायचीस. कांड्या भरायचीस."

माय माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी कुणा दुसरीच्याच आईबद्दल बोलतेय. "कवाच्या गोष्टी करून राहिली तू?" ती म्हणाली. "तू गेल्यावर काही सालानंच फळी तुटली त्याची. माहा पाय मांडीपर्यंत आत गेला. तवापासून तुह्या बाबानं त्या दाराले खिळा मारला होता. इतके साल मी वरतून रस्ता नाही पाह्यला. कोणाची वरात आली, कोणाची मैत निघाली, सारं कानानंच आयकलं. तुमच्या येण्याचं निमित्त झालं म्हणून हे झालं, नाही तं कोण करते?" मग तिने सूप पाखडलं आणि खडा बाजूला काढत अगदी सहज म्हणाली, "तुले पाहाले पाह्यजे होता तो, बाई. मले बसाले जागा पाह्यजे होती."

लेस्टरच्या थंडीत मी ज्या छज्ज्याच्या गोष्टी सांगत होते त्याच्या दाराला इकडे खिळा मारलेला होता. मी त्यात मायला रोज बसवत होते आणि माय आत, मागच्या अंधाऱ्या खोलीत, भिंतीला टेकून बसलेली होती. पाय मोडता मोडता वाचल्याचं मला कुणी कळवलंही नव्हतं. परदेशातल्या मुलीला वाईट बातमी कळवायची नाही, ही आपल्याकडची रीत. तुम्ही जे मागे राहिलात ते आम्हाला असंच फसवत असता आणि आम्हीही तिकडून तसंच करतो. मी तरी कधी कळवलं होतं का, की पहिल्या हिवाळ्यात फॅक्टरीच्या संडासात जाऊन रोज रडायचे म्हणून?

वसंतराव वर आले. कॅमेऱ्यात रोलचा शेवटचा फोटो उरला होता. त्यांनी तो स्टेशनच्या दगडी इमारतीसाठी राखून ठेवला होता, जाता जाता घ्यायचा म्हणून. त्यांनी मला काही विचारलं नाही. खाली गल्लीत उतरले, समोरच्या घराच्या पायरीवर चढले आणि मायला हाक मारली. मायने पदर सारखा केला आणि सूप लपवायला गेली. मी म्हटलं, राहू दे.

नागपुरातले बाकीचे फोटो, मोरांचे, नथवाल्या परीचे, बंगल्यांचे, यांच्या ऑफिसात लोकांनी फार वाखाणले. ते एका खोक्यात आहेत. आमच्या बैठकीत एकच लावला आहे. पिस्ता रंगाची गॅलरी, चंदेरी किरणांचं ग्रिल, आणि त्यामागे हातात सूप घेऊन चिडलेली माझी आई. येणारे-जाणारे इंग्रज शेजारी वसंतरावांची आवड माहीत असल्यामुळे विचारतात, की ही कुठली जुनी इमारत. मी सांगते, जुनी नाही, नवीन आहे. ते माझं घर आहे, आणि माझी आई तिथे बसते.